अण्णांच्या मापाचं विमान

१० जून १९५६, रविवार

पेटी आली एकदाची. बंदरावरून बैलगाडीत घालून, पुढे हे सायकलवर. मला वाटलं होतं निदान विमानासारखं काहीतरी निघेल. निघाल्या लाकडी पट्ट्या, प्लायवूड, बिजागऱ्यांसारखे लोखंडी तुकडे, कापडाचा तागा आणि नकाशांची भेंडोळी. म्हटलं, "यात विमान कुठं आहे?" तर म्हणाले, "ते आता आपण करायचं." एवढे खुशीत की कालवलेला भात तसाच राहिला.

हॉलमधला झोपाळा काढला. तिथे विमानाचं धड उभं राहणार. शाळेतून आल्यावर मी त्या झोपाळ्यावर जरा पडायचे, हे कुणाला आठवलं नाही.

१७ जून

सुतार ठरला, मुनुसामी. दिवसा तो काम करणार, संध्याकाळी हे गिंडीच्या कारखान्यातून आले की तपासणार. कापड शिवायचं माझ्याकडे. शाळेत मुलींना शिवण शिकवते ना, मग परकर काय नि पंख काय, असा ह्यांचा हिशेब.

सासूबाई खांबाला टेकून बघत होत्या. (यापुढे सा.बा. लिहीन. हात दुखतो.) म्हणाल्या, "राघू असता तर कवाच केला असता."

राघू म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, अण्णा. मी त्यांना पाहिलेलं नाही. लढाईत विमानदलात होते, ब्रह्मदेशाकडे गेलेलं त्यांचं विमान परत आलंच नाही. यंदा बारा वर्षं होतील. फोटोत दिसतात ते उंच, मिशी नाही, केस बारीक कापलेले, एक भुवई जरा वर. हेही तेव्हा भरतीला गेले होते. उंची कमी म्हणून परत पाठवलं. लग्न होऊन मी सांगलीहून इथे, तमिळ मुलखातल्या ह्यांच्या मराठी घरात आले त्या वर्षी एकदा सांगितलं होतं, पुन्हा विषय नाही.

दुपारी सा.बा. अण्णांचं पान मांडतात. वाढतात. मग ते गाईला जातं. मला आधी भीती वाटायची. आता हात आपोआप त्या पानावरही मीठ वाढतो.

८ जुलै

गोंदाचा वास घरभर. हा गोंद एकदा धरला की सुटत नाही, लाकूड फाटेल पण जोड निघणार नाही, असं हे कौतुकाने सांगतात. ह्यांच्या निळ्या शर्टाच्या बाह्यांवर इतका सांडलाय की बाह्या पुठ्ठ्यासारख्या ताठ झाल्या. धोब्याने तसाच परत दिला.

गच्चीवर बसलो होतो. मी विचारलं, हे सगळं कशासाठी? म्हणाले, "एकदा वर जाऊन यायचं. मी. माझा मी." चाळिशी आली तरी आमच्या तिरुवल्लिकेणी पेठेत सगळे ह्यांना राघूचा धाकटा म्हणूनच ओळखतात, वेंकू कुणी म्हणत नाही. वाण्याच्या वहीतसुद्धा तेच. मी भांडायचं ठरवून वर गेले होते, भांडले नाही. जाऊन या म्हटलं.

१५ जुलै

धड उभं राहिलं. खिडक्यांतून अख्खी गल्ली आत डोकावतेय. दार काढल्याशिवाय हे बाहेर कसं न्याल, असं प्रत्येक जण विचारतो आणि आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं असं तोंड करतो.

सा.बा. : "पूरा गल्ली बघूलाय. दृष्ट लागंल." इथे घर बांधताना दृष्ट लागू नये म्हणून वर बुजगावणं टांगतात. पेंढा भरलेलं, डोक्याच्या जागी काळं मडकं. सा.बा.ना तसंच विमानावर हवं. हे म्हणाले, "कर अम्मा. घर काय, विमान काय."

१८ जुलै

शाळेतून आले तर विमानात कुणीतरी बसलेलं.

आधी वाटलं हेच लवकर आले. मग खाकी शर्ट ओळखला. ट्रंकेतला, अण्णांचा. विजारही त्यांचीच. पेंढा इतका ठासून भरलाय की मांड्या भरल्यासारख्या दिसतात. बाहेरची बुजगावणी मिशाळ, दात विचकलेली असतात, त्यांना भिऊनच दृष्ट पळते म्हणे. हे तसं नाही. मडक्यावर चुन्याने काढलेलं तोंड मिटलेलं आहे. एक भुवई जरा वर.

म्हटलं, "आई, याला कोण भिणार?"

"भिववायला कशाला? बसू दे की."

२९ जुलै

पंखाचं कापड. एक पंख हॉलमध्ये उभा करून ठेवलाय, मधे भिंत घातल्यासारखा. कापड आतल्या बरगड्यांना टाचायचं. हातभर लांब सुई. मी अलीकडून घुसवायची, पलीकडच्या माणसाने ओढून पुन्हा माझ्याकडे घालायची. पलीकडे सा.बा. बसतात. एकमेकींचं तोंड दिसत नाही, फक्त सुईचं टोक. छान चाललंय. आमच्या दोघींत इतकं जमलेलं हे पहिलंच काम.

२ ऑगस्ट

दुपारी शाळेतून येऊन टाचत होते. लय लागली होती. सुई द्यायची, सुई यायची. मी शाळेतलं काहीबाही बोलत होते, हेडमिस्ट्रेसबाईंच्या नवीन दातांबद्दल. पलीकडून हूं नाही की चूं नाही, पण सा.बा.ची तऱ्हा तीच.

मग मागून आवाज आला. "मालू, कॉफी घेतेस काय?"

सा.बा. स्वयंपाकघराच्या दारात. हातात कॉफीचा डबरा-पेला. कपाळावर घाम, म्हणजे चुलीपाशी बऱ्याच वेळच्या असणार.

मी उठून पंखापलीकडे गेले. कोणी नाही. पाट होता. पाटापुढे धड, आणि धडात ते बुजगावणं, पाठ टेकून. सुई कापडातून माझ्या बाजूला पूर्ण आलेली होती. टाके बघितले. माझ्याइतकेच सरळ.

सा.बा.ना विचारलं, मघाशी तुम्ही होतात ना? "होती की. मग उठली." केव्हा उठल्या ते सांगेनात. असेल तसंच. मीच भान हरपून दोन्हीकडून शिवलं असेल.

५ ऑगस्ट

ह्यांना सांगितलं. मनापासून हसले. वर म्हणाले, बुजगावणं बरं कामाला आलं. विमानाचा तोल बघायचा तर आत माणसाचं वजन लागतं, रोज कोण बसून राहणार? म्हणून त्याच्या पोटात, मांड्यांत वाळूच्या पिशव्या भरल्या. स्वतःच्या वजनाएवढ्या. मरीनावरून आणलेली वाळू, घरभर सांडली, झाडली मी.

आता ते हलवायला दोन माणसं लागतील. म्हणून तिथेच राहणार.

१९ ऑगस्ट

आज खरी गडबड झाली.

हे काल कारखान्याच्या कामाने आर्कोणमला गेले होते. मागे मुनुसामीने बैठक आणि विमान पायांनी वळवायच्या पायपट्ट्या बसवल्या. गोंद लावून, स्क्रू मारून, वरून पट्टी ठोकून. सुबक काम. सकाळी ह्यांनी मुनुसामीच्या मदतीने बुजगावणं बाहेर काढून ठेवलं आणि स्वतः आत बसले. पाय पट्टीला पोचेनात. टोकाला सरकले, मान वर केली, तेव्हा कुठे अंगठे लागले. लहान मूल मोठ्या माणसाच्या खुर्चीत बसल्यासारखं दिसत होतं. मला हसू आलं आणि लगेच गेलं, कारण ह्यांचा चेहरा बघितला.

मुनुसामी गांगरला. तमिळमध्ये म्हणाला, माप कुणाचं घ्यायचं म्हणून मोठ्या अम्मांना विचारलं. त्यांनी बोट दाखवलं. बुजगावण्याकडे. त्याने त्याच्या कमरेपासून टाचेपर्यंत दोरी लावली आणि तसं केलं.

हे ओरडले नाहीत. "अम्मा, असं कशाला केलीस?"

सा.बा. जपमाळ ओढत होत्या. "बसला होता त्याचं माप दिली. तू कोठं बसला होतास?"

बैठक काढायची म्हटलं तर जोड निघत नाही. सगळा सांगाडाच फाटेल. त्या गोंदाचं कौतुक आम्हीच केलं होतं.

२६ ऑगस्ट

इंजिन पुढे बसलं. लिलावातलं जुनं, पण सुरू होतं. तोल बघायला धडाखाली खुणेवर आडवा वासा घातला, तराजूसारखा.

बुजगावणं आत ठेवलं, धड सरळ. पाण्यासारखं सपाट. ते काढून हे बसले, नाक खाली गेलं. पुन्हा ते, सरळ. पुन्हा हे, खाली. वजन तर सारखंच भरलेलं. ह्यांनी कागदावर आकृती काढून मला समजावलं, मी पाय पुरावेत म्हणून पुढे सरकून बसतो ना, भार पुढे येतो, बस. पटलं. विज्ञान आहे. तरी धड सरळ झालं की सा.बा. प्रत्येक वेळी मान डोलवत होत्या, नातवंडाने बरोबर पाढा म्हटल्यासारखी, हे काही मला बघवेना.

म्हटलं, "अहो, नको हे विमान. दुसरं करू. मी दुसरं कापड शिवीन."

"आता पाऊस यायच्या आत उडवायचंय. ऐप्पसी महिना लागला की संपलं."

२ सप्टेंबर

उपाय सापडला म्हणे. ट्रंकेतून अण्णांचे बूट काढले. जाड तळव्यांचे, लढाईतले. ह्यांना मोठे होतात, पुढे कापूस कोंबला. ते घालून बसले की पाठ टेकून पाय पुरतात. धड सरळ.

सवय व्हावी म्हणून घरातही घालतात. पावलांचा आवाज बदलला. मी स्वयंपाकघरात असते आणि हॉलमधून कोण चालतंय हे मला ओळखू येत नाही. स्वतःच्या घरात नवऱ्याचं पाऊल ओळखू येऊ नये याचा मला राग येतो. भीतीपेक्षा राग बरा.

९ सप्टेंबर

सा.बा.नी ह्यांना जेवायला हाक मारली. "राघू, ये बा." चुकून. वय झालं. हे आले. दोन पानं होती, ह्यांचं आणि अण्णांचं. हे अण्णांच्या पानावर बसले.

मी म्हटलं, तुमचं पान ते. "एकच ना सगळं," म्हणाले आणि आमटी ओढून घेतली.

१६ सप्टेंबर

मन्नारगुडीहून घरचे वाध्यार, म्हणजे पुरोहित, आले. सा.बा.ना दर वर्षी तेच सांगतात आणि दर वर्षी चिवड्याचा डबा देऊन त्यांना वाटेला लावलं जातं. बेपत्ता माणसाची फार तर बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याचं दहन करायचं, म्हणजे तो गेला असं धरून पुढे श्राद्ध सुरू होतं. "नायतर लटकून राहतो. त्यालाही पीडा, घरालाही."

मी पडद्याआड जीव मुठीत धरून ऐकत होते. मला ते व्हायला हवं होतं. ते एकदा झालं की अण्णा अण्णांच्या जागी जातील, हे ह्यांच्या.

सा.बा. म्हणाल्या, "करून टाका."

वाध्यारच चकित झाले. इतकी वर्षं कान बंद करून बसलेली बाई. मी आत जाऊन देवापुढे साखर ठेवली.

३० सप्टेंबर

झालं. मागच्या अंगणात पळसाचे देठ, दर्भ, डोक्याला नारळ. बघता बघता माणसाएवढा आकार झाला. बायकांनी लांबून बघायचं. ह्यांनी मुंडण केलं, मिशीही गेली. मला धसका बसला. लग्नापासून मिशीशिवाय पाहिलेलं नाही.

वाध्यार म्हणाले, गेलेल्याच्या अंगावरचं एखादं वस्त्र असेल तर पांघरायला द्या. सा.बा. आत गेल्या आणि घडी आणून दिली. ती पुतळ्यावर घातली आणि उचलून दहनाला समुद्राकडे नेलं. उचलताना घडी थोडी सुटली. निळं होतं. बाही खाली लोंबली नाही, काठीसारखी ताठ राहिली.

मी तिथेच होते. मला लगेच समजलं असं म्हणणार नाही. समजायचं नव्हतं.

१ ऑक्टोबर

ह्यांचा निळा शर्ट नाही. दोरीवर नाही, पेटीत नाही, धोब्याकडे नाही. अण्णांचा खाकी जिथल्या तिथे, बुजगावण्याच्या अंगावर.

सा.बा.ना विचारलं. भाजी निवडत होत्या.

"आई, काल कोणता शर्ट दिलात?"

"हाताला लागला तो."

"तो ह्यांचा होता. जिवंत माणसाचा."

शेंगेची शीर ओढून काढली, बाजूला ठेवली. म्हणाल्या, "वाध्यारला एक मूल पाहिजे होतं, मालू. त्येनं किती वर्षं मागितलं. मग दिली एक." आवाजात काहीच नव्हतं. मग माझ्याकडे बघून, अगदी मायेने, "तू रडू नकोस. घरात माणूस आहे की."



३ ऑक्टोबर

ह्यांना सांगितलं, सगळं. ऐकून घेतलं. "जुना शर्ट होता मालती. अम्मांना दिसत नाही नीट." मी म्हटलं, वाध्यारांना बोलवा, पुन्हा करा, चूक झाली म्हणा. "एकदा दिलेलं परत कसं मागणार?" असं म्हणाले. हे ह्यांचं वाक्य नव्हे. हे असं कधी बोलत नाहीत, ह्यांना सगळ्यालाच उपाय असतो.

आज पिंड, पुतळ्याचं सुतक तीनच दिवसांचं. पिंडाबरोबर गेलेल्याच्या आवडीचं ठेवतात. सा.बा.नी वांग्याचं भरीत केलं. अण्णा वांग्याला शिवत नसत, हे त्यांनीच मला शंभरदा सांगितलंय. भरीत आवडतं ते ह्यांना. एरवी कावळ्याची वाट बघत माणसं उन्हात ताटकळतात. आज पान ठेवून हात मागे घ्यायच्या आत कावळा शिवला.

जेवताना हे म्हणाले, मला भरीत नको.

७ ऑक्टोबर

सा.बा.नी बुजगावणं उसवलं. पेंढा गाईला, वाळू तुळशीत. मडकं घासून पालथं घातलंय, पण चुना पुरता जात नाही. खाकी शर्ट-विजार धुऊन इस्त्री करून ह्यांच्या खुंटीवर. हे घालतात. विजारीची घडी मी टाचून आखूड करायला घेतली तर म्हणाले, राहू दे, बरोबर होते.

पायाशी वाकून बघितलं. बरोबर होत होती. बुटांतला कापूस खिडकीत पडलेला.

मी रात्रंदिवस स्वतःला सांगते, जाड तळवे, ताठ पाठ, मुंडण, बस. माणूस खांदे पाडून चालायचा थांबला की उंच दिसतो. शाळेत मुलींना मीच सांगते, ताठ बसा गं.

१३ ऑक्टोबर, शनिवार

आयुधपूजा. पंख लावल्याशिवाय, नुसत्या धडालाच चंदन-कुंकू, झेंडूची माळ. मुनुसामीने रंधा, पटाशी, करवत मांडली, मी माझी लांब सुई ठेवली. गल्लीतले सगळे आले. उकडलेल्या हरभऱ्यांचं सुंडल वाटून दमले. समोरच्या घरचे म्हातारे वकील आले, त्यांना मोतीबिंदू. ह्यांचा हात धरून म्हणाले, "राघवेंद्रा, केव्हा आलास रे?" मी दुरुस्त करणार होते. त्याआधी हे म्हणाले, "झाले की थोडे दिवस." लोक हसले. मीही हसले असेन.

१७ ऑक्टोबर

परवानगीवाले साहेब येऊन गेले. सगळं ठोकून बघितलं. माझे टाके बघून म्हणाले, दोघांचे हात आहेत ना, उत्तम जमलेत. आत ह्यांना बसवून तोल बघितला. सपाट. बैठक खास मापाने करून घेतलेली दिसते, म्हणाले. रविवारी मीनंबाक्कमच्या मैदानावर आधी नुसतं जमिनीवरून पळवायचं, नीट वाटलं तर वर.

ते गेल्यावर मी ह्यांना खोलीत गाठलं. म्हटलं, आठवतं का, का करायला घेतलं होतं? एकदा माझा मी वर जाऊन यायचं म्हणाला होतात. गच्चीवर. मला अजून तेच हवंय. तुम्ही जायला हवं, तुम्हीच यायला हवं.

माझ्याकडे बघत राहिले. परक्या बाईकडे सभ्य माणूस बघतो तसे, ओळख द्यावी की नाही अशा विचारात. मग म्हणाले, "वेंकू तसं म्हणायचा, हो."

मग हसले. थट्टा केली म्हणाले. मी ह्यांचा मिशी असलेला फोटो काढून उशाशी ठेवलाय.

२१ ऑक्टोबर, रविवार

आकाश भरलेलं, पण पाऊस नाही. मुनुसामीने काल चौकट काढली, दाराच्या जागी भगदाड. पंख पहाटेच लॉरीवर चढवून बांधले, धड गल्लीतून लोटत नेलं. सगळे मागे. घर एकाएकी मोठं झालं. हॉलमध्ये झोपाळ्याच्या कड्या तेवढ्या लोंबताहेत.

मी खोलीत पदराने डोळे पुसत बसले होते. जायचं म्हटलं होतं मैदानावर, सा.बा. म्हणाल्या, बायकांनी कशाला. मी ठरवलं होतं, खोलीत राहिलेलं घड्याळ न्यायला हे येतील तेव्हा हात धरायचा. सोडायचाच नाही. लॉरी गेली तर जाऊ दे.

बूट हॉलमधून आले. खोलीच्या दाराशी थांबले. आमचीच खोली, आजवर दार लोटून आत यायचे, बोलत बोलत. आज उंबऱ्याबाहेर थांबले आणि खाकरले. एकदा. जरा थांबून पुन्हा.

धाकट्या भावाची बायको आत असली की थोरला दीर असाच खाकरतो. तिने उठावं, बाजूला व्हावं, म्हणजे त्याला आत येता येतं. सांगलीला आमच्या घरी काका असेच यायचे. इथे मी असं कधी ऐकलं नव्हतं, कारण या घरात मला थोरला दीर नव्हताच.

मी उठले. हात धरायला म्हणूनच उठले होते, देवाशपथ. पण पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला गेला आणि मी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागे घड्याळ उचलल्याचा आवाज. बूट गेले. लॉरी गेली.

आता दुपार उलटली. सा.बा. पान वाढून बसल्या आहेत, एकच. गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, समुद्राकडे विमानाचा आवाज येतोय म्हणून. मी खालीच आहे. जाताना नीट जा असंही माझ्या तोंडून निघालं नाही. कसं निघणार, थोरल्या दिरांशी समोरासमोर कोण बोलतं?